नाडी लागत नाही

तापमानाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला येऊ नये, असं डिग्रीचं स्पष्ट मत होतं. डिग्री हे त्याचं टोपणनाव. मिळवलेली पदवी नव्हे. बत्तीस वर्षं त्याने फ्रिज दुरुस्त केले होते, आणि त्या जोरावर चहाच्या कपाला नुसतं बोट लावून तो "अठ्ठावन्न" म्हणून मोकळा व्हायचा. खरं किती आहे हे तपासायला कुणी जात नसे, त्यामुळे तो आजवर एकदाही चुकला नव्हता.

अशा माणसाच्या घरात साप आला, आणि त्या सापाला ऊब हवी होती.

साप लेकीने आणला. ती प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला होती. एका कुटुंबाची परगावी बदली झाली, नव्या घरमालकाला साप चालेना, म्हणून ते लोक त्याला दवाखान्यातच सोडून गेले. नारिंगी रंगाचा, हातभर लांब, पेन्सिलीएवढा जाड, बिनविषारी आणि स्वभावाने इतका भिडस्त की आपणच त्याला सांभाळून घ्यावं. पायजम्यातून सुटून आल्यासारखा दिसायचा म्हणून लेकीने त्याचं नाव नाडी ठेवलं. त्या दिवसापासून तो साप 'ती' झाला.

बायकोने दोन अटी घातल्या. पहिली, मी तिला हात लावणार नाही. दुसरी, आईला यातलं काहीही कळता कामा नये.

आई म्हणजे डिग्रीच्या सासूबाई. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या, आणि गेली अकरा वर्षं लेकीकडे राहणाऱ्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता, म्हणून घरातली कुठलीही बातमी त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी मऊ शिजवली जायची. इमारतीची लिफ्ट बंद पडली तर ते त्यांना दोन दिवसांनी, हातात हात घेऊन सांगितलं जाई. त्या घरात साप! हा शब्द नुसता कानावर पडला तरी आई जातील, याबद्दल बायकोला शंका नव्हती.

लेक म्हणाली की सापांसाठी तयार पेटी मिळते, हीटर लावलेली, ती मागवू. हे ऐकून डिग्री दुखावला. सुताराच्या घरी भाड्याची खुर्ची आणावी, तसं त्याला वाटलं. "तीन दिवस प्रशिक्षणाला जातेयस ना? निर्धास्त जा," तो म्हणाला. "तू परत येईपर्यंत नाडीला असं घर देतो, की तिला मागच्या जन्मीचं काही आठवायचं नाही."

लेकीने एक कागद लिहून दिला. एक बाजू एकतीस अंश, दुसरी पंचवीस. लपायला जागा. प्यायला पाणी. आणि शेवटी खाली रेघ मारून: आतलं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासत राहा. डिग्रीने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि शेवटची ओळ ही आपल्यासाठी नसून सर्वसामान्य लोकांसाठी आहे असं ठरवून टाकलं.

बुधवारी त्याने दुकानातला एक जुना, काचेच्या दाराचा, बाटल्या ठेवायचा उभा फ्रिज निवडला. आतलं यंत्र काढून तो हलका केला आणि दोन हमालांकडून जिन्याने वर आणवला. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहायचे. डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेतच ते दाराशी आले आणि एवढा मोठा फ्रिज घरात कशाला, असं त्यांनी विचारलं. डिग्रीने, आतून सासूबाईंना ऐकू जाईल या धास्तीने, हळूच सांगितलं की घरातलीच एक सोय करायची आहे, नंतर बोलू. घड्याळवाले मान डोलावून आत गेले.

काम मात्र डिग्रीने जीव ओतून केलं. फ्रीजरच्या दाराला बर्फ धरू नये म्हणून असते तशी हीटरची पट्टी तळाला बसवली. वर लाकडाचा भुसा पसरला. लपायला एक फुटका मग उपडा ठेवला. पाण्याची वाटी ठेवली. मागच्या बाजूला, पाणी निथळून जायला प्रत्येक फ्रिजला असतं तसं, अंगठ्याएवढं भोक होतं. त्याकडे बोट दाखवून तो बायकोला म्हणाला की बघ, हवेचीसुद्धा सोय आहे. बायकोने लांबूनच बघितलं. हवेपेक्षा नाडी फारशी जाड नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शेवटी त्याने तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट जोडला. तो अर्थातच स्वतःच्या साठ्यातला, फ्रिजचा. बत्तीस वर्षांत असे हजारो जोडले होते. डोळे मिटून जोडता आले असते. आणि त्याने तो जवळपास डोळे मिटूनच जोडला. चकती तिसावर ठेवली, नाडीला आत सोडलं, दार लावलं. सासूबाईंना सांगण्यात आलं की दुकानात जागा नाही म्हणून एक फ्रिज मागच्या खोलीत ठेवलाय. गुरुवारी सकाळी लेक गेली. जाताना तिने बापाला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी जातेय हं."

गुरुवारी दुपारी डिग्रीने आत हात घातला. नाडी कोपऱ्यात वेटोळं करून पडली होती आणि फ्रिजमधल्या काकडीसारखी गार लागत होती.

त्याने चकती पस्तिसावर नेली. तासाभराने पाहिलं, तीच गत. मग चाळिसावर. हीटरचा लाल दिवा काही लागेना. पट्टी बिघडली असावी म्हणून त्याने दुसरी बसवली. वायर बदलली. प्लग बदलला. संध्याकाळपर्यंत त्या फ्रिजमध्ये जुनं काही म्हणाल तर फक्त साप उरला होता. हवा पावसाळी, घरात बावीस अंश, आणि चकती चाळिसावर असूनही आत बावीसच. कपाला बोट लावून अठ्ठावन्न सांगणारा माणूस एका फ्रिजपुढे उकिडवा बसून राहिला. शेवटी त्याने आपला लोकरी मोजा नाडीवर पांघरला आणि सकाळी डोकं शांत असताना बघू म्हणून उठला.

सकाळी मोजा होता. नाडी नव्हती.

ते भोक त्याला तेव्हा दिसलं. म्हणजे दिसत तर रोजच होतं, पण आता कळलं.

बायकोला सांगितल्यावर ती आधी खुर्चीवर चढली आणि मग रडायला लागली. सापाची भीती एकीकडे आणि लेकीला काय सांगायचं ही भीती दुसरीकडे, अशा दोन भीतींच्या मध्ये ती खुर्ची होती. दोघांनी मिळून घर पालथं घातलं. चपलांचं कपाट, पडद्यांच्या घड्या, धुवायचे कपडे, बुटांची आतली बाजू. सासूबाईंच्या खोलीतसुद्धा डिग्री रांगत गेला. त्या पलंगावर गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसल्या होत्या. काय शोधताय, असं त्यांनी विचारलं. एक स्क्रू पडलाय, असं त्याने सांगितलं. सासूबाईंनी मोठ्या अदबीने पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "शोधा, जावईबापू. बारीक वस्तू अशाच ऊब बघून कोपऱ्यात जातात."

या वाक्याने खरं तर त्याला थांबवायला हवं होतं. पण तो पलंगाखाली डोकं घालून होता आणि त्याला कापूस, एक गोळी आणि स्वतःचा चार वर्षांपूर्वी हरवलेला पेचकस सापडला होता.

त्या दोन दिवसांत सासूबाईंचं एकच वागणं निराळं होतं. त्या दर तीन तासांनी गरम पाणी मागायच्या. बायकोला वाटलं गुडघे जास्त दुखतायत. तिने पाणी दिलं, आणि आईच्या दुखण्याची काळजीही आपल्या यादीत घातली.

शनिवारी दुपारी डिग्री आशा सोडत आला. तो दुकानातून परत येत होता, जिन्यातच बायकोचा फोन आला. ती बाजारात होती आणि लेकीने तिला विचारलं होतं की सगळं ठीक ना. काय सांगू? डिग्री घड्याळवाल्यांच्या दारासमोरच थांबला.

"कालपासून नाडी लागत नाहीये म्हणून कसं सांगणार तिला?" तो म्हणाला. "परवाच अंग पार गार पडलं होतं गं. मी माझा मोजा घातला अंगावर, पण उपयोग झाला नाही. फ्रिज एवढा वर आणला तोही फुकट. उद्या ती घरी आली की समोर बसवून सांगू. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

दाराआड घड्याळवाल्यांच्या हातातून एक बारीक स्प्रिंग निसटून गेली.

त्यांच्या डोक्यात एकेक काटा जागेवर बसला. वरच्या म्हाताऱ्या सिस्टर. कालपासून नाडी नाही. अंग गार. नात परगावी. आणि फ्रिज! तो काचेचा, माणूसभर उंच फ्रिज. घरातली एक सोय करायची आहे, असं डिग्री म्हणाला होता, आणि तेसुद्धा बुधवारी, म्हणजे दोन दिवस आधी. घड्याळवाल्यांना वेळेबद्दल आदर होता, पण एवढं आधीचं नियोजन पाहून तेही हादरले. त्यांनी इमारतीत सगळ्यांना हळूच कळवलं. कुटुंब बोलण्याच्या मनःस्थितीत नाही, नात उद्या येतेय, तोवर ठेवलंय. आपण निदान पाच मिनिटं जाऊन उभं राहू.

पाच वाजता इमारतीतली नऊ माणसं, चेहरे पाडून, जिन्यात ओळीने उभी राहिली. चपला बाहेर काढल्या. घड्याळवाल्यांनी घंटी न वाजवता दारावर हलकेच टकटक केलं. डिग्री मागच्या खोलीत सोफा उलटा करत होता, बायको नुकतीच बाजारातून येऊन सोफ्याचं दुसरं टोक धरून उभी होती. दार उघडलं ते सासूबाईंनी.

घड्याळवाल्यांनी भिंग लावावं तसा एक डोळा बारीक केला.

"या," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला भेटायचंय?"

"तुम्हालाच," घड्याळवाले म्हणाले. "म्हणजे... शेवटचं."

मागून कुणीतरी हळूच विचारलं की फ्रिजमधून इतक्यात बाहेर का काढलं.

आवाज ऐकून डिग्री धावत आला आणि दारातली माणसं पाहून जागीच उभा राहिला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. घड्याळवाले आपण ऐकलं ते शब्दाला शब्द सांगत होते, नाडी लागत नाही, अंग गार, मोजा. आणि दर शब्दागणिक डिग्रीचा चेहरा फिका पडत होता. सापाबद्दल बोलावं तर आईंना कळणार. न बोलावं तर आपण सासूला जिवंतपणी फ्रिजमध्ये ठेवलं, हे नऊ माणसं घरोघर घेऊन जाणार.

सासूबाईंनी हात वर केला. चाळीस वर्षं वॉर्डात ज्या हाताने गलका थांबवला, तोच हात. जिना गप्प झाला.

"नाडी माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकणाला सुईने पाडलेली भोकं होती. आत शालीचा तुकडा, त्याखाली गरम पाण्याची पिशवी, आणि त्यावर नारिंगी वेटोळं, चांगलं तुकतुकीत, जीभ आत-बाहेर करत पाहुण्यांची चौकशी करत असलेलं.

जिना रिकामा व्हायला किती सेकंद लागले हे एरवी घड्याळवाल्यांनी सांगितलं असतं, पण ते सगळ्यांत पुढे होते. दारात सात चपला उरल्या. सात कशा, हे कुणाला अजून कळलेलं नाही.

बायको भिंतीला टेकून खाली बसली. डिग्रीही बसला. सासूबाई पलंगावर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि शांतपणे सगळं सांगितलं. शुक्रवारी सकाळी चहाच्या आधी गुडघ्यावरच्या पिशवीपाशी काहीतरी गार लागलं. पांघरूण उचललं तर ही. डोकं पाहिलं, अंगावरचे पट्टे पाहिले, विषारी नाही हे कळलं. त्यांची अर्धी नोकरी सर्पदंशाच्या वॉर्डात गेली होती. "वीस वर्षं सापांनी करून ठेवलेलं निस्तरलं," त्या म्हणाल्या. "खुद्द साप पेशंट म्हणून पहिल्यांदाच आला."

मग त्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान पुढे केलं. मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले होते. वेळ, डब्यातलं तापमान, हालचाल, शेरा. शुक्रवार सकाळ सात: तेवीस, मंद. दहा: सव्वीस, जीभ बाहेर. दुपारी एक: एकोणतीस, पाणी प्यायली. पुढे शनिवार चारपर्यंत एकही रकाना रिकामा नव्हता. अक्षर सुबक होतं, आणि शेवटच्या शेऱ्याखाली सही होती.

"आई, पण तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" डिग्रीने विचारलं. "दोन दिवस आम्ही वेड्यासारखे शोधतोय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुमचा रक्तदाब वाढायला नको."

बायको उठून आईच्या शेजारी जाऊन बसली. एवढ्या जवळ डबा आहे हे तिच्या उशिरा लक्षात आलं, पण ती उठली नाही. डिग्रीला त्या आखलेल्या रकान्यांवरून नजर काढवेना. अकरा वर्षं त्यांनी या बाईला काचेच्या भांड्यासारखं कपाटात ठेवलं होतं. जपून, पुसून, आणि कधीही न वापरता. आणि एका सापाने दोन दिवसांत त्यांना परत कामावर घेतलं होतं.

"आणखी एक," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं ते कपाट उलटं चालतंय."

पेशंट कुठून आला हे पाहायला त्या मागच्या खोलीत जाऊन आल्या होत्या. चकती चाळिसावर आणि आत बावीस, हे पाहून त्यांना नवल वाटलं. तिथे थर्मोस्टॅटमधून निघालेली एक तांब्याची बारीक नळी दिसली. तिला गरम पिशवी टेकवली तर लाल दिवा लागला. पिशवी काढली, थोड्या वेळाने विझला. परत टेकवली, परत लागला. "गार झालं की बंद आणि गरम झालं की चालू," त्या म्हणाल्या. "ताप आल्यावर पेशंटला शेकायचं, अशातला प्रकार."

डिग्रीने मनातल्या मनात सगळ्या वायरी परत जोडून पाहिल्या. बरोबरच होतं. फ्रिजचा थर्मोस्टॅट तेच करतो. गरम झालं की गार करायचं यंत्र चालू, गार झालं की बंद. बत्तीस वर्षांच्या सवयीने त्याने तो तसाच जोडला होता, फक्त गार करणाऱ्या यंत्राच्या जागी हीटर होता. उन्हाचा एखादा दिवस निघाला असता आणि आत एकदा का चकतीवरचा आकडा गाठला असता, तर हीटर चालू झाला असता आणि कधी थांबलाच नसता. पावसाळी हवेने आणि त्या अंगठ्याएवढ्या भोकाने नाडीला वाचवलं होतं. आणि त्याहून जास्त या बाईंनी.

तो उठला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण जमलं ते एवढंच: "आई, तुम्ही होतात म्हणून." सासूबाईंनी त्याच्या हातात गरम पाण्याची पिशवी दिली आणि पाणी बदलायची वेळ झाली असं सांगितलं. ते पाणी त्याने इतक्या काळजीने तापवलं, की आयुष्यात पहिल्यांदाच ते किती गरम आहे हे त्याने थर्मामीटर घालून पाहिलं.

रविवारी सकाळी दोघांनी मिळून काम केलं. थर्मोस्टॅटची एक वायर एका टोकावरून काढून शेजारच्या टोकावर लावायची, इतकंच होतं. भोकाला बारीक जाळी बसवली. सासूबाई टॉर्च धरून उभ्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी आकडा वाचत होत्या. सव्वीस. अठ्ठावीस. तीस. एकतिसावर दिवा विझला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डिग्रीने कानाला हात लावला.

दुपारी लेक आली. डिग्रीने तिला समोर बसवून सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता, मोज्यासकट. ती रागावेल याची त्याने तयारी ठेवली होती. तिने ते कॅलेंडरचं पान वाचलं, दोनदा वाचलं, आणि आजीच्या गळ्यात पडली. दवाखान्यात इतका नीट तक्ता कुणी ठेवत नाही, असं ती म्हणाली. आजी म्हणाल्या की मग तुझ्या डॉक्टरांना सांग, आठवड्यातून दोन दिवस मी मोकळी असते. पुढे आठवड्यातून एक दिवस त्या खरंच जायला लागल्या.

सोमवारी डिग्री दुकानात गेला तो तरंगतच. आपल्या घरात सगळे आहेत, सगळे जिवंत आहेत आणि सगळे एकमेकांशी बोलताहेत, एवढ्यावर तो इतका खूश होता की वाटेत घड्याळवाल्यांना त्यांच्या चपला नेऊन देताना त्याने त्यांचेही आभार मानले. कशाबद्दल, ते घड्याळवाल्यांना कळलं नाही. त्याच आनंदात त्याने चौकातल्या फुलवाल्याचं काम उरकलं. फुलवाल्याचा फ्रिज जरा जास्तच गार करत होता. डिग्रीने शीळ घालत नवा थर्मोस्टॅट बसवला आणि वायर, रविवारी नुकतंच हाताला बसलेलं तसं, झटकन शेजारच्या टोकावर लावली.

मंगळवारी सकाळी फुलवाल्याचा फोन आला. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. फ्रिज कालपासून थांबलेलाच नाही, म्हणाला. गुलाब दिसायला उत्तम आहेत, पण टेबलावर ठेवले की टक्क वाजतात. आणि एक गिऱ्हाइकाच्या हातून पडला, त्याचे तुकडे झाले.

डिग्रीने डोळे मिटले. चूक माझीच आहे, लगेच येतो, असं तो म्हणाला. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं असावं. फोन ठेवून वळतो तर सासूबाई चप्पल घालून दाराशी उभ्या.

"आई, तुम्ही कशाला?"

"तुम्ही एकटे जाऊन काय करणार?" त्या म्हणाल्या.

डिग्री दुसरं हेल्मेट शोधायला आत गेला.